घरात लॅब्राडोर, मांजर आणि रांगतं बाळ: व्हॅक्यूम क्लीनर कोणता घ्यावा?

इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका ताईंनी विचारलंय. घर तळमजल्यावरचं, चार खोल्या. पुढे व्हिट्रिफाइड टाइल्स, मागच्या भागात जुनी कोटा फरशी, हॉलमध्ये एक गालिचा आणि कापडी सोफा. घरात लॅब्राडोर आहे, मांजर आहे, ७ वर्षांची मुलगी आहे आणि ९ महिन्यांचा मुलगा. तो आता घरभर रांगतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. मुलीला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू होतात. डॉक्टर म्हणाले, धुळीची किंवा जनावरांची ॲलर्जी असू शकते. खर्चाची तयारी २० हजारांपर्यंत. रोबो घ्यावा का, धूळ पाण्यात बुडवणारं ‘पाण्याचं’ मशीन घ्यावं का, किती वॉटचं घ्यावं, आणि सासूबाईंचं जुनं मशीन माळ्यावर पडलंय त्याचं काय करावं, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

ताई, मी इंदुरात २४ वर्षं हीच मशीनं दुरुस्त करतोय. माझं उत्तर आधी सांगतो, मग कारणं. तुमच्या घरासाठी वायरचं, चाकांवर मागे ओढत न्यायचं मशीन घ्या. आत कचऱ्याची बंद पिशवी असलेलं, मोटरच्या मागच्या बाजूला एच-१३ दर्जाचा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारी जाळी, असलेलं. त्याच्यासोबत फरशीसाठी मऊ केसांचा ब्रश आणि सोफ्यासाठी छोटा फिरता ब्रश हवा. रोबो नंतर कधी घ्यायचा तर घ्या, पण पहिलं मशीन तो नको. पाण्याचं तर नकोच.

दुकानात गेलात की विक्रेता किती खेचतं ते दाखवेल. लोखंडी गोळे उचलून दाखवेल, गादीतून पांढरी भुकटी काढून दाखवेल. खेचायला सगळीच खेचतात. खेचलेली धूळ पुढे जाते कुठे, हे कुणी दाखवत नाही, आणि तुमच्या मुलीच्या शिंकांचा संबंध त्याच्याशी असू शकतो.

जरा मागे जाऊन सांगतो. हे घरगुती मशीन ज्यानं बनवलं तो जेम्स मरे स्पँगलर अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दम्याचा त्रास. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीनंच आपला खोकला वाढतो असा त्याला संशय आला, तेव्हा त्यानं पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हे यंत्र उभं केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढे ते हूव्हर कुटुंबाकडे गेलं. म्हणजे धूळ श्वासात जाऊ नये म्हणून हे यंत्र आलं. आज बाजारात अशी कितीतरी मशीनं आहेत जी पुढून धूळ घेतात आणि त्यातली सर्वांत बारीक, सर्वांत त्रासदायक धूळ मागच्या जाळीतून खोलीत परत फेकतात. मशीन तिला जोराच्या झोतानं नाकापर्यंत पोचवतं.

मांजरीच्या ॲलर्जीचं मूळ केसांत नसतं. ते तिच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींमधून निघणाऱ्या एका प्रथिनात असतं. मांजर दिवसभर अंग चाटते, लाळ वाळते, कातडीच्या कोंड्याबरोबर तिचे कण सुटतात. ते इतके हलके असतात की तासन्‌तास हवेत तरंगत राहतात, पडद्याला, गादीला, शाळेच्या दप्तराला चिकटतात. मांजर घरातून गेली तरी कित्येक महिने ते घरात सापडतात. कुत्र्याचंही थोडंफार असंच. त्यामुळे सोफ्यावरचे केस दिसेनासे झाले म्हणजे काम झालं असं समजू नका. केस साध्या रबरी हातमोज्यानं पण निघतात. जे दिसत नाही त्याच्यासाठी मशीन घ्यायचं.

आता फिल्टर. ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सर्वांत अवघड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्याहून मोठे कण धाग्यांवर आदळून अडकतात, त्याहून लहान कण हवेत थरथरत भटकतात आणि कुठल्या ना कुठल्या धाग्याला लागतातच. मधल्या मापाचे निसटतात. म्हणून फिल्टरची परीक्षा त्याच मापावर घेतात. एच-१३ म्हणजे अशा अवघड कणांपैकी ९९.९५ टक्के अडवणारा. डब्यावर नुसतं ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ लिहिलं असेल तर तो शब्द कशालाच बांधील नाही. एच-१३ असा दर्जा छापलेला आहे का ते बघा.

आणि फिल्टर कुठे बसवलाय ते बघा. मोटरच्या आधी असतो तो मोटरला वाचवतो; मोटरच्या नंतर असतो तो तुम्हाला. कितीतरी मशीनमध्ये आधी एक स्पंज आणि नंतर काहीच नाही. वायरच्या मशीनच्या मोटरमध्ये कार्बनच्या दोन कांड्या असतात. त्या मोटरच्या फिरत्या, तांब्याच्या भागावर घासून झिजतात आणि त्यांची काळी भुकटी त्याच हवेबरोबर बाहेर येते. मागे फिल्टर नसेल तर ती तुमच्याच खोलीत येते. मी मशीन उघडलं की मागच्या जाळीवर बोट फिरवतो. बोट काळं झालं की कळतं, या घरानं वर्षभर काय श्वासात घेतलं.

फिल्टर कितीही चांगला असो, झाकणाच्या कडेचं रबर ढिलं असेल तर हवा सोपी वाट शोधते. ही परीक्षा घरी करता येते. रात्री दिवे बंद करा, फरशीवर चिमूटभर टाल्कम पावडर टाका, मशीननं ओढा आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या जाळीवर आडवा धरा. उजेडात पांढरे कण नाचताना दिसले तर गळती आहे. मुलांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवा. दुकानात हे करू देत नसतील तर परत करायच्या मुदतीत पहिल्याच रात्री करा. मग रोज वापरताना एक साधी खूण: मागून येणाऱ्या हवेला कुत्र्याचा वास यायला लागला की पिशवी किंवा फिल्टर बदलायची वेळ झाली.

पिशवीचं का म्हणतो? बिनपिशवीचा पारदर्शक डबा दिसायला छान, पिशव्यांचा खर्च नाही, सगळं खरं. पण डबा रिकामा करताना बघा एकदा. खटका दाबला की केसांचा बोळा पडतो आणि त्याच्या मागून राखाडी ढग वर येतो. आठवडाभर गोळा केलेलं सगळं एका मिनिटात तोंडावर. ॲलर्जीच्या घरात हे नको. पिशवीचं तोंड बंद होतं, ती उचलायची आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीत द्यायची. तरी तुम्ही डब्याचंच घेतलं, तर तो गच्चीवर न्या, वारा पाठीमागून येईल असे उभे राहा, डबा मोठ्या पॉलिथिनच्या पिशवीत पूर्ण आत धरून खटका दाबा आणि दोन मिनिटं तसाच राहू द्या. मुलीला हे काम कधीही सांगू नका.

पिशवीबद्दल एक गोष्ट लोकांना पटत नाही. केसांनी पिशवी भरली तरी हवा जात राहते, कारण केसांत फट असते. बारीक भुकटीनं मात्र अर्धी रिकामी पिशवीसुद्धा गुदमरते. आपल्याकडे रंगपंचमीला राजवाड्यावरून गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी कपड्यांवर, केसांवर, कुत्र्याच्या अंगावर बसून गुलाल घरी येतो. दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे ‘मशीन ओढत नाही’ म्हणून रांग लागते. गुलाल, रांगोळी, पीठ, देवघरातली राख, रंगकाम झाल्यावरची पुट्टीची धूळ हे काहीही फिल्टरच्या मशीननं ओढू नका. ओल्या फडक्यानं पुसा.

मांजराची वाळू याच यादीत येते, आणि ती सर्वांत वाईट. मागच्याच महिन्यात टेबलावर आलेलं मशीन सांगतो. पर्शियन मांजर असलेलं घर, मशीन दीड वर्षाचं, तक्रार ‘ओढत नाही, जळका वास येतो’. झाकण काढलं तर आतल्या शंकूच्या सगळ्या बारीक भोकांत पांढरट माती ठासलेली, स्क्रूड्रायव्हरनं टोचली तरी निघेना. ती वाळू बेंटोनाइटची, म्हणजे ओल लागली की गोळा होणारी माती. मांजराच्या पेटीत तिचं कामच ते. त्यांनी फिल्टर धुतला होता, वरून कोरडा वाटला म्हणून संध्याकाळी बसवला आणि त्याच दिवशी सांडलेली वाळू ओढली. आतल्या ओलाव्यावर मातीचं प्लास्टर झालं. हवा अडली, मोटर तापली, एक कार्बन कांडी झिजून स्प्रिंग तांब्याला घासत होती. मोटर बदलावी लागली. ती वाळू छोट्या झाडणीनं सुपलीत भरा. फक्त उरलेली धूळ मशीनला. आणि धुण्याचा फिल्टर असेल तर धुतल्यावर पूर्ण २४ तास वाळवा, पावसाळ्यात ४८. सवलत नाही. कागदी हेपा तर धुवायचाच नाही. दोन फिल्टर ठेवले की घाई होत नाही.

वॉटचा प्रश्न सोपा आहे. डब्यावरचे वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं तो आकडा, साफ किती करतं तो नव्हे. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून घरगुती मशीनला ९०० वॉटची कमाल मर्यादा आहे, आणि तिथे घराघरात गालिचे असतात. तेव्हा ७०० ते १२०० मध्ये काहीही चालेल. विक्रेते आता पास्कल, म्हणजे खेचण्याच्या जोराचं माप, सांगतात, तिथे सांभाळा. रोबोच्या डब्यावर ‘५,०००’ मोठ्या अक्षरांत असतं, वायरच्या मशीनवर ‘२०’ बारीक अक्षरांत. गिऱ्हाईक म्हणतं, केवढा फरक! पण पहिला आकडा पास्कलचा, दुसरा किलोपास्कलचा. ५,००० पास्कल म्हणजे ५ किलोपास्कल. वायरवालं चौपट जोराचं निघालं. त्यातही हा खेचण्याच्या जोराचा आकडा सहसा तोंड बंद करून मोजलेला असतो. फरशीवर काम होतं ते वाहत्या हवेनं, आणि ती पिशवी, फिल्टर, पाइप मोकळे असतील तरच वाहते.

रोबो वाईट नाही. टाइल्सवर रोजचे लॅब्राडोरचे केस उचलायला, पलंगाखाली शिरायला चांगला आहे. पण सोफा, गादी, पायऱ्या त्याच्या हाताबाहेरच्या, आणि कोटा फरशीच्या सांध्यांत बसलेली आपली माळव्याची काळी माती त्याच्यानं निघत नाही. कुत्र्यानं किंवा मांजरीनं रात्री कुठे घाण केली आणि रोबो वेळ लावून सोडलेला असेल, तर तो ती सगळ्या घरभर पसरवतो. असे रोबो मी साफ केलेत. चाकाच्या दातांत, सेन्सरच्या काचेवर, ब्रशच्या खोबणीत सगळीकडे गेलेलं असतं. जिथे बाळ रांगतं तिथे हा धोका मी माझ्या घरी पत्करणार नाही. घेतलाच तर तुम्ही जागे असताना, फरशी बघून, बाळ दुसऱ्या खोलीत असताना चालवा.

बॅटरीच्या हातातल्या मशीनबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण दुकानात तेच पुढे करतील. सांडलेली शेव उचलायला त्याच्यासारखं काही नाही, आणि मुलांच्या घरात शेव रोजच सांडते. पण ‘६० मिनिटं’ हा आकडा सर्वांत हळू वेगावरचा, फिरता ब्रश न लावता. केस निघतात ते जोराच्या वेगावर, आणि तिथे अनेक मशीनं १० मिनिटांच्या आसपास दम टाकतात. बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरायला लागते, आणि आपल्या उन्हाळ्यात बंद गॅलरीत टांगली तर आणखी लवकर. घ्यायच्या आधी नव्या बॅटरीची किंमत विचारा.

पाण्याच्या मशीनमध्ये कचरा पाण्यात बुडतो हे दाखवायला छान वाटतं. बारीक कोरडी धूळ मात्र बुडबुड्यांच्या आतून निसटते. मागे हेपा लागतोच. वर दर वेळी ते पाणी ताबडतोब ओतून भांडं घासून वाळवावं लागतं. कुत्र्याचे केस भिजलेलं पाणी एक रात्र राहिलं की जो वास येतो, तो मी सांगत नाही. कडेवर बाळ घेऊन रोज हे होणार नाही, आणि झालं नाही तर आत बुरशी धरते.

कोरड्या मशीननं ओलं काहीही ओढायचं नाही, हेही इथेच सांगतो. बाळाची शू असो, कुत्र्याची असो. कोरड्या मशीनमध्ये ओढलेल्या हवेनंच मोटर थंड होते. तिच्यातून ओल गेली की ती सरळ विजेच्या तारांवर. ओल्या-कोरड्या मशीनमध्ये मोटरला थंड हवेची वाट वेगळी असते, म्हणून ते चालतं.

केस कापायची सवय लावून घ्या, मशीनच्या ब्रशचे. लॅब्राडोरचा आखूड केस कापडात सुईसारखा रुततो. तो काढायला फिरता ब्रशच लागतो. पण घरातल्या बायकांचे लांब केस त्या रोळावर दोऱ्याच्या रिळासारखे घट्ट बसतात, हळूहळू सरकत कडेच्या बेअरिंगमध्ये जातात. बाहेरून ब्रश स्वच्छ दिसतो. मी कडेची टोपी काढतो तेव्हा आत केसांची चकती निघते, इतकी दाबलेली की नाण्यासारखी वाजते, आणि घर्षणानं भोवतीचं प्लास्टिक वितळलेलं असतं. शिलाई उसवायचं छोटं हत्यार मिळतं ना, टेलरकडे असतं ते, रोळाच्या लांबीनं एकदा फिरवा. दर १५ दिवसांनी, दोन मिनिटं. रोळ हातानं काढता येतो की स्क्रू खोलावे लागतात हे दुकानात बघून घ्या.

मुलांच्या बाजूनं दोन गोष्टी. बटन दाबल्यावर सर्रकन वायर आत घेणारं मशीन असतं, तिचा पिन शेवटच्या फुटाला चाबकासारखा उडतो, बरोबर रांगणाऱ्या बाळाच्या तोंडाच्या उंचीवर. पिन हातात धरूनच बटन दाबा. आणि रोळ फिरत असताना मुलीचे मोकळे केस, बाळाची बोटं जवळ नकोत. मशीन लावण्याआधी फरशीवर एक नजर टाका. खेळण्यातून निघालेला बटन सेल दिसला तर उचलून तिथल्या तिथे मुलांपासून दूर करा. तो बाळानं गिळला तर फार थोड्या वेळात आत भाजतं. घरचे कान सवयीचे होतात, पण मशीनचा आवाज ८० डेसिबलच्या खालीच असावा, कुत्र्यासाठीही. पहिले आठ दिवस मशीन नुसतं हॉलमध्ये ठेवा, कुत्र्याला हुंगू द्या, मग दुसऱ्या खोलीत सुरू करा.

वापरायचं असं. आधी मशीन, मग ओला पोछा. कोरडा झाडू पूर्ण बंद. बाईंना समजवायला वेळ लागेल, पण झाडूनं उडणाऱ्या धुळीनं शिंका वाढू शकतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि मुलीला नंतर अर्धा तास त्या खोलीत येऊ देऊ नका; तिची गादी शाळेच्या वेळेत करा, झोपायच्या आधी कधीच नको. गालिच्यावर हळू चालवा, उभं आणि आडवं. मुलीच्या चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा, कारण गादीतले बारीक किडे ओढून निघत नाहीत, ते धाग्याला धरून राहतात. मांजरीला मुलीच्या खोलीत प्रवेश बंद करा. ॲलर्जी मांजरीची असेल तर या एका गोष्टीनं मशीनपेक्षा जास्त फरक पडू शकतो, आणि मशीन विकणाऱ्यांनी हे सांगायला हवं. लॅब्राडोरला रोज अंगणात विंचरा, तेवढे केस घरात कमी. पिसवा झाल्या तर गालिचा रोज ओढा आणि पिशवी त्याच दिवशी फेका. मात्र कुत्र्याच्या गोचीडच्या औषधात परमेथ्रिन असेल तर ते मांजरीच्या जिवावर बेतू शकतं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात शिंपडू नका.

खरेदीला महाराणी रोडला जा किंवा ऑनलाइन घ्या, पण मशीनची किंमत विचारण्याआधी पिशव्यांची, हेपाची, पाइपची आणि कार्बन कांड्यांची किंमत विचारा, आणि त्या इंदुरात कुठे मिळतात तेही. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढचं मॉडेल बघा. २० हजारांतले सगळे मशीनवर घालू नका. तीन हजार बाजूला ठेवून पहिल्याच दिवशी वर्षभराच्या पिशव्या आणि एक जास्तीचा फिल्टर घेऊन ठेवा. जाताना घरून एका पुडीत लॅब्राडोरचे केस, मूठभर रवा आणि थोडी शेव घेऊन जा. त्यांच्या गोळ्यांवर नको, तुमच्या पुडीवर दाखवा म्हणा.

सासूबाईंचं मशीन भंगारात देऊ नका. ८०-९०च्या दशकांत दारोदार विकलेल्या त्या मशीनच्या मोटरी दणकट असतात. पण त्याची पिशवी कापडी, बारीक धूळ तिच्यातून निसटते, म्हणून मुलं राहतात त्या खोल्यांत ते वापरू नका, पण पंखे, खिडकीच्या जाळ्या, कूलर, गाडी यांना उत्तम. आधी पाइप वाकवून चिरा आहेत का बघा, वायर टणक झाली असेल तर बदलून घ्या, आणि बाहेर अंगणात एक मिनिट चालवा. किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग गेलंय. फटीतून निळ्या ठिणग्या जास्त दिसल्या तर कार्बन कांड्या संपल्यात. दोन्ही कांड्या एकदमच बदलायच्या, एक नवी एक जुनी कधी नाही.